पहिल्या पानाआधीची पानं

मराठी पुस्तकात पान १ हे सहसा पहिलं पान नसतं. त्याआधी नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं एक पान येऊन गेलेलं असतं. मग लेखक आणि प्रकाशकासह पूर्ण शीर्षकपान, त्याच्या पाठीवर हक्क, मुद्रक, आवृत्ती, किंमत; मग अर्पणपत्रिका, कुणा जाणत्या माणसाची प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. एवढं सगळं झालं की मग कुठे 'प्रकरण पहिले'. बहुतेक वाचक ही पानं भराभर उलटतात. पान लावणाऱ्याचा कस मात्र इथेच लागतो. मधली दोनशे पानं एकदा नियम ठरला की त्या नियमानं चालत राहतात. सुरुवातीच्या या सोळाएक पानांतलं प्रत्येक पान वेगळं, आणि प्रत्येकाचा मानही वेगळा.

मी बडोद्यात कॉलेजात गणित शिकवते. गणिताच्या माणसाला लाटेक, म्हणजे संगणकावर छापायची पानं लावणारी यंत्रणा, यावीच लागते, कारण सूत्रं इतकी देखणी दुसरीकडे उमटत नाहीत. सूत्रांसाठी शिकलेली ही यंत्रणा मी गेली काही वर्षं मराठी पुस्तकांसाठी वापरते आहे. प्रकरणं आणि पुस्तकाचा पूर्वभाग लावायला हिच्यासारखं साधन नाही, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. फक्त तिला मराठी पुस्तकाच्या रीती शिकवाव्या लागतात. तिच्या मूळच्या रीती अमेरिकेतल्या आहेत. त्या तशाच ठेवून वर देवनागरी अक्षरं ओतली, की जे तयार होतं ते देवनागरीत छापलेलं इंग्रजी पुस्तक असतं.

ज्यांनी लाटेक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे लिहिताना पान समोर दिसत नाही. साध्या मजकुराची फाइल असते आणि तिच्यात अधूनमधून उलट्या तिरक्या रेघेनं सुरू होणाऱ्या आज्ञा असतात. हे प्रकरण आहे, हा उपविभाग आहे, ही तळटीप आहे, एवढंच त्या सांगतात. अक्षर केवढं, वर जागा किती, मथळा मधोमध की डावीकडे, हे तिथे लिहायचं नसतं. ते एकाच जागी, अगदी सुरुवातीला ठरवायचं. मग फाइल यंत्रणेच्या हवाली करायची आणि ती पीडीएफ बाहेर काढते. म्हणजे लेखकानं 'हे काय आहे' ते सांगायचं आणि 'कसं दिसेल' ते नियमांवर सोडायचं. शिस्तीनं वापरलं तर वर्डमध्येही स्टाइल लावून हे साधतं, पण तिथे हाताशी ठळक अक्षराचं बटण असतं आणि बटण असलं की ते दाबलं जातंच. प्रत्येक प्रकरणाचा मथळा थोडा वेगळा दिसणारी कितीतरी मराठी पुस्तकं माझ्या कपाटात आहेत.

या सगळ्याचा उगम एका लेखकाच्या जिव्हाळ्यात आहे, म्हणून मला त्याबद्दल विशेष ममता वाटते. स्टॅनफर्डमधले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती काढत होते. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी छापलेली होती; नवीसाठी प्रकाशकानं फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी छायाचित्रणानं अक्षरजुळणी, वापरलं. १९७७ साली त्याची प्रुफं हातात आली आणि ती पानं त्यांना बघवेनात. स्वतःचं पुस्तक नीट दिसावं एवढ्यासाठी त्यांनी अक्षरजुळणीची यंत्रणाच लिहायला घेतली. काही महिन्यांत उरकेल असं वाटलेलं काम जवळपास दशकभर चाललं. त्यातून 'टेक' तयार झालं, आणि ते त्यांनी सगळ्यांना फुकट वापरू दिलं. पुढे ऐंशीच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचलं. प्रकरण, उपविभाग, अनुक्रमणिका अशा नावांनी पुस्तकाचे अवयव सांगायची सोय त्यांची. देवनागरीची वाट १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी काढून दिली. मात्र त्यात मजकूर रोमन अक्षरांत टंकावा लागे आणि मग एक प्रोग्रॅम त्याचं देवनागरी करी. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं आणि थेट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या एकाच संकेतपद्धतीत, देवनागरी लिहून, संगणकातला कुठलाही फॉन्ट वापरून पुस्तक लावता येऊ लागलं. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगायची. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय आहे, तिथे भाषा सांगितली नाही तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. सामान्य वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता काकांच्या पुस्तकाकडे येते, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या पुस्तकानं मला समजावलं.

काका म्हणजे आमच्या दांडिया बाजारातले शेजारी. सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात काढलेली. निवृत्तीनंतर त्यांनी बडोद्याच्या पाण्यावर लिहायला घेतलं. विश्वामित्री नदी आणि तिचे पूर, सूरसागर तलाव, नवलखी वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, जुन्या वाड्यांतल्या विहिरी, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलेला आजव्याचा तलाव, जिथून नळानं शहरात पाणी आलं. हस्तलिखित निम्मं वह्यांत आणि निम्मं कुणीतरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकून दिलेलं होतं. ते युनिकोडमध्ये आणणं हे वेळखाऊ काम होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुस्तक मराठीतच हवं आणि नीटनेटकं हवं, यावर काका ठाम होते. "अगं, या गावानं पुस्तकं कशी काढलीत ते बघ," असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. महाराजांनी १९१० साली सेंट्रल लायब्ररी उभी केली. १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या ग्रंथांची माला निघू लागली. १९३१ साली इथून 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला, कारभारात लागणाऱ्या शब्दांचा आठ भाषांतला कोश. इथल्या प्राच्यविद्या मंदिरानं १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. त्या खंडांतलं एखादं पान निवांत बघावं. वर निवडलेला पाठ, खाली वेगवेगळ्या पोथ्यांतले पाठभेद बारीक टायपात, आणि कुठला पाठभेद कुठल्या श्लोकाचा याचा क्षणभरही गोंधळ नाही. जुळाऱ्यांनी आणि मुद्रितशोधकांनी किती डोळे शिणवले असतील, ते त्या पानाकडे पाहूनच कळतं. ज्या गावात असं काम झालं तिथे आपण प्रकरणाचा मथळा वाकडातिकडा लावावा, हे मलाही पटत नाही.

लाटेकच्या पुस्तकाच्या साच्यात तीन मोठ्या आज्ञा आहेत: फ्रंटमॅटर, मेनमॅटर आणि बॅकमॅटर. छापायच्या मजकुराला आपल्याकडे 'मॅटर' म्हणतातच, त्यामुळे काकांना त्या लगेच कळल्या. फ्रंटमॅटर म्हटलं की दोन गोष्टी होतात. पानांना छोटे रोमन आकडे पडू लागतात, आणि प्रकरणांचे क्रमांक बंद होतात. मनोगत हे रचनेनं प्रकरणच असतं, पण त्याला 'प्रकरण १' म्हणायचं नसतं; ते नाव अनुक्रमणिकेत जातं, क्रमांक मात्र पडत नाही. मेनमॅटर म्हटलं की उजव्या हाताच्या कोऱ्या पानापासून १ आकडा नव्यानं सुरू होतो आणि प्रकरणांना क्रमांक मिळू लागतात. बॅकमॅटरमध्ये प्रकरणांचे क्रमांक पुन्हा थांबतात, पानांचे तसेच पुढे चालतात. संदर्भ आणि सूची तिथे.

आमचे प्रबंध लिहिणारे विद्यार्थी इथेच अडतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की क्रमांक नको असेल तर प्रकरणाच्या आज्ञेपुढे तारा (*) लावायचा. तारा लावला की क्रमांक जातो खरा, पण त्याबरोबर अनुक्रमणिकेतली नोंदही जाते आणि पानाच्या माथ्यावरचं नावही बदलत नाही. त्यांच्या प्रबंधात अनुक्रमणिका आधी आणि प्रास्ताविक नंतर असतं, त्यामुळे प्रास्ताविकाच्या पानांवर माथ्याला 'अनुक्रमणिका' असं छापून येतं. मग ते अनुक्रमणिकेत हातानं नोंद घालतात, माथा हातानं बदलतात, आणि यंत्रणेच्या नावानं बोटं मोडतात. फ्रंटमॅटर लिहून बिनताऱ्याचं साधं प्रकरण लिहिलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. 'हा पुस्तकाचा पूर्वभाग आहे' हे एकदा सांगितलं की पुढचं आपोआप होतं. न सांगता नुसतं तसं दिसावं म्हणून धडपडलं की प्रत्येक पान स्वतः सांभाळत बसावं लागतं.

पूर्वभागाला आकडे वेगळे का, हा प्रश्न काकांनी विचारला आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. खिळ्यांच्या काळात पुस्तकाचा मुख्य मजकूर आधी छापला जाई. फर्म्यामागून फर्मा, सोळा-सोळा पानांचा, छापून बाजूला. प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका या गोष्टी तयार व्हायच्या शेवटी. अनुक्रमणिका तर पानं पक्की झाल्याशिवाय होऊच शकत नाही. मग पूर्वभागाचा हा फर्मा सर्वांत शेवटी छापायचा आणि बांधताना सर्वांत वर लावायचा. त्याची पानं किती होतील हे आधी ठाऊक नसल्यामुळे त्याचे आकडे स्वतंत्र. आज संगणकावर सगळं एकदमच होतं, तेव्हा ही रीत कालबाह्य झाली असं वाटू शकतं. ती झालेली नाही, हे काकांच्याच पुस्तकात दिसलं. ते पुढे येईल.

पहिलं प्रूफ दाखवलं तेव्हा काकांचं बोट थेट खालच्या आकड्यावर गेलं. "हे एक्स-आय-आय काय गं?"

"बारा, काका. पूर्वभागाला रोमन आकडे असतात."

"इंग्रजी पुस्तकाला असतात. आपल्या पुस्तकात 'बारा' असं अक्षरात लिहितात."

आणि उठून त्यांनी कपाटातली दोन-तीन पुस्तकं काढली. बरोबरच होतं. मनोगताखाली 'सात', 'आठ', 'नऊ' असे शब्द, आणि मुख्य मजकूर सुरू झाला की देवनागरी आकडे. अनेक जुन्या-नव्या मराठी पुस्तकांत ही रीत आहे आणि ती मला रोमन आकड्यांपेक्षा कितीतरी सुंदर वाटते. आपल्या लिपीत कॅपिटल नाही, स्मॉल नाही, रोमन आकड्यासारखी दुसरी चिन्हमाला नाही. म्हणून आपल्या मुद्रकांनी आकडा आणि अक्षर एवढ्या दोनच गोष्टींतून पूर्वभाग आणि मुख्य भाग वेगळे केले. बाहेरून काही उसनं आणावं लागलं नाही.

ते लाटेकला शिकवायचं म्हणजे पानाचा आकडा छापायची आज्ञा नव्यानं लिहायची. टेकमध्ये एक जुनी साधी सोय आहे. एखादी संख्या दिली की यादीतला तेवढ्या क्रमांकाचा पर्याय ती निवडते. मोजणी शून्यापासून असल्यानं सुरुवातीला एक जागा रिकामी सोडायची आणि मग एक, दोन, तीन असे शब्द ओळीनं मांडायचे. इंग्रजीत वीसच्या पुढचे शब्द जोडून बनवता आले असते. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस, एकोणतीस, प्रत्येकाचं रूप आपलं आपलं. यादी हातानंच लिहावी लागते. मी बत्तीसपर्यंत लिहिली. त्याहून लांब पूर्वभाग असला तर लेखकाशीच बोलावं.

पण एवढ्यानं भागलं नाही. पानाखाली 'बारा' नीट आला, अनुक्रमणिकेत मात्र गडबड झाली. लाटेकच्या मूळ साच्यात अनुक्रमणिकेच्या उजव्या कडेला पानाच्या आकड्यासाठी दीड एमच्या आसपास जागा राखलेली असते. 'एम' म्हणजे वापरात असलेल्या टायपाच्या आकाराएवढी रुंदी. बारा पॉइंटाच्या टायपात बारा पॉइंट; पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग. तीन आकडी संख्येला तेवढी पुरते. 'बारा' दाटीवाटीनं बसतो, 'अठरा' समासाबाहेर डोकावतो. ती जागा वाढवली तर मथळ्यापासून आकड्यापर्यंत जाणाऱ्या टिंबांची रेघ आधीच थांबते, आणि मग खालच्या प्रकरणांपुढचे '५', '४७' एकटे पडल्यासारखे दिसतात. शेवटी पूर्वभागाच्या नोंदींसाठी टिंबं काढून टाकली, शब्द उजव्या कडेला लावले, आणि पूर्वभाग व 'प्रकरण पहिले' यांच्यामध्ये अनुक्रमणिकेत एका ओळीचं अंतर सोडलं. प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश एका गटात, प्रकरणं दुसऱ्या गटात. आधीपेक्षा ते चांगलं दिसलं, आणि अडचण आली नसती तर मला ते सुचलंही नसतं.

अनुक्रमणिकेसाठी फाइल दोनदा चालवावी लागते, हेही काकांना दाखवलं. पहिल्या खेपेला यंत्रणा प्रत्येक प्रकरण कुठल्या पानावर पडलं ते एका बाजूच्या फाइलीत टिपून ठेवते, दुसऱ्या खेपेला ती टिपणं वाचून अनुक्रमणिका छापते. "म्हणजे आमच्या मीटर रीडिंगसारखं," काका म्हणाले. "आज वाचायचं, बिल पुढच्या महिन्यात."

प्रकरणाच्या मथळ्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. मूळ साचा असा आहे: वर पन्नास पॉइंट मोकळे, मग ठळक अक्षरात 'चॅप्टर' आणि आकडा, मग वीस पॉइंट सोडून पंचवीस पॉइंटाच्या ठळक टायपात नाव, खाली चाळीस पॉइंट. हे अमेरिकी तांत्रिक पुस्तकाचं रूप आहे. त्याला बदडल्यासारखा काळा मथळा शोभतो. देवनागरीत पंचवीस पॉइंटाचं ठळक अक्षर फार जड होतं. शिरोरेघेची पट्टी तयार होते आणि 'श्व', 'त्र', 'ष्ट' यांची पोटं शाईनं भरतात. मोठ्या टायपात ठळकपणाची गरजच नसते. मी साधं वजन ठेवलं.

दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. पंचवीस पॉइंटाच्या टायपाला मूळ साचा तीस पॉइंटाची ओळ देतो. रोमन अक्षरांना ती पुरते. काकांच्या एका प्रकरणाचं नाव होतं 'विश्वामित्रीचे पूर आणि शहराचे पूल'. ते दोन ओळींत पडलं तेव्हा वरच्या ओळीतल्या 'पूर'चा दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर टेकला. आपल्या लिपीत ओळ दोन्हीकडे वाढते: वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. मथळ्याला मी अडतीस पॉइंटाची ओळ दिली आणि मुख्य मजकुरालाही त्याच बेतानं सैल केलं. पानं थोडी वाढली. वाढू देत. साठीच्या पुढचे वाचक या पुस्तकाचे पहिले वाचक असणार होते.

'प्रकरण १' नको, 'प्रकरण पहिले' हवं, हे आम्हा दोघांनाही न बोलता मान्य होतं. पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, आणि मग पाचवे, सहावे. पुन्हा तीच यादीची युक्ती. मात्र मजकुरात एका प्रकरणातून दुसऱ्याचा उल्लेख येतो तेव्हा 'प्रकरण दुसरे मध्ये पाहा' असं चालत नाही. तिथे 'दुसऱ्या प्रकरणात' लागतं. म्हणून प्रत्येक क्रमांकाचं सामान्यरूपही यादीत घातलं: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. एका आज्ञेनं सरळ रूप येतं, दुसरीनं सामान्यरूप. प्रकरणांचा क्रम बदलला तरी वाक्य शुद्धच राहतं. काकांनी क्रम दोनदा बदलला, वाव आधी आणि सूरसागर नंतर, मग पुन्हा उलटं, आणि मला मजकुरात एकही शब्द शोधत बसावा लागला नाही. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे. विभक्तीचा विचार मूळ यंत्रणेनं केलेला नाही, पण करू दिला.

पानाच्या माथ्याचं आटोपतं घेते. मूळ साच्यात तिथे प्रकरणाचं नाव तिरप्या टायपात आणि कॅपिटलमध्ये येतं. देवनागरीला कॅपिटल नाही आणि तिरपं अक्षर हे आपल्या लिपीचं वळण नाही. ते ओढून तिरकं केलेलं दिसतं. मी माथा रिकामा ठेवला. पानाच्या तळाशी, डावीकडे '४२ / पुस्तकाचं नाव', उजवीकडे 'प्रकरणाचं नाव / ४३', अशी आपल्या पुस्तकांतली ओळखीची मांडणी केली. प्रकरणाच्या पहिल्या पानावर नुसता आकडा.

प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करायचं की नाही, यावर मात्र आमचं जुंपलं. मला ते हवं होतं. काकांना कोरी पानं म्हणजे उघडा राहिलेला नळ. शेवटी आम्ही वाटणी केली. पूर्वभागातला प्रत्येक घटक उजव्या पानावर, कारण तिथे प्रत्येकाला स्वतःची जागा हवी. मुख्य प्रकरणं मात्र डावं-उजवं न बघता जिथे पडतील तिथे. कोऱ्या पानावर लाटेक एरवी पानाचा आकडा आणि नावही छापून मोकळं होतं. तेवढं बंद केलं.

आता अर्पणपत्रिका. काकांनी ती कागदावर लिहून आणून दिली तेव्हा मी काही बोलू शकले नाही. पुस्तक त्यांनी काकूंना नाही, महाराजांना नाही, तर 'पहाटे उठून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सगळ्यांना' अर्पण केलं होतं. शहरातल्या कुठल्या भागाला किती वाजता पाणी येतं हे सगळ्यांना पाठ असतं. ते सोडणारा माणूस थंडीतही अंधारात चावी घेऊन निघालेला असतो, हे कुणाच्या मनात येत नाही. ती एक ओळ कोऱ्या पानावर कुठे ठेवायची? बरोबर मध्ये ठेवली तर डोळ्याला खाली घसरल्यासारखी वाटते. टेकमध्ये ताणली जाणारी जागा देता येते आणि तिचं प्रमाणही सांगता येतं: ओळीच्या वर एक भाग ताण, खाली दोन भाग. ओळ पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या सीमेवर येऊन थांबते. आकडा छापायचा नाही, पण मोजायचा. टाइप मजकुराचाच, फुगवलेला नाही. त्या पानावर मी याहून जास्त काही केलं नाही आणि पुस्तकातलं सर्वांत चांगलं लागलेलं पान तेच आहे.

'॥ श्री ॥' कुठे घालायचं हेही ठरवावं लागलं. काकांना ते शीर्षकपानावर हवं होतं. मी नुसतं नाव असलेल्या आधीच्या पानावर, माथ्याजवळ सुचवलं, आणि ते त्यांना पटलं. श्रीकार सर्वांच्या आधी, मग पुस्तक. प्रस्तावना आणि मनोगत यांच्या क्रमाबद्दल ते ठाम होते. दुसऱ्यानं लिहिलेलं आधी, स्वतःचं नंतर. पाहुण्याला मागे बसवायचं नाही. अनुक्रमणिका मी सर्वांत शेवटी, 'प्रकरण पहिले'च्या अगदी अलीकडे ठेवली. इंग्रजी पुस्तकांत ती बहुधा प्रस्तावनेच्याही आधी येते. पण प्रकरण शोधणारा वाचक पुस्तक मध्यापासून मागे उलटत येतो, आणि त्याला ती लगेच सापडावी.

प्रस्तावना एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहून द्यायची होती. त्यांनी दोन पानं देतो म्हणून सांगितलं होतं. तेवढ्या हिशेबानं पूर्वभाग सोळा पानांत, एका फर्म्यात बसत होता. मुख्य मजकुराची प्रुफं झाली, शेवटची सूची तयार झाली, प्रस्तावना येईना. आली तेव्हा ती दहा पानांची होती आणि अतिशय चांगली होती. त्यांनी आजव्याच्या बांधणीवर स्वतंत्र माहिती घातली होती. एक ओळही कापावी असं वाटलं नाही. पूर्वभाग सोळाचा चोवीस पानांचा झाला, म्हणजे दीड फर्मा. आणि मुख्य मजकुराचं एकही पान हललं नाही. सूचीत 'नवलखी वाव' ज्या पानांवर होती तिथेच राहिली, कारण ते आकडे १ पासून वेगळे सुरू होत होते. खिळ्यांच्या काळातल्या मुद्रकांनी ज्या अडचणीवर ही तोड काढली होती, तीच अडचण आमच्यापुढे आली आणि तीच तोड कामी आली. सगळी पानं एका ओळीनं मोजली असती तर प्रत्येक आकडा आठानं पुढे सरकला असता, आणि काकांनी प्रुफावर लाल शाईनं केलेल्या सगळ्या खुणा निरर्थक ठरल्या असत्या.

प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवल्याचाही असाच फायदा झाला. मूळ फाइलीत फक्त 'हे आणा, ते आणा' अशा ओळी. काकांनी आजव्याच्या प्रकरणात दुरुस्त्या केल्या की तेवढंच चालवायचं. बाकीच्या प्रकरणांचे आकडे यंत्रणेनं आधी टिपून ठेवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच पानांचं प्रूफ खऱ्या पानक्रमांकांसह निघतं. ते बगलेत मारून काका बाल्कनीत जाऊन बसत आणि संध्याकाळी लाल शाई घेऊन परत येत.

हे सगळे नियम मी एका वेगळ्या साच्याच्या फाइलीत लिहून ठेवले आहेत: शब्दांतले आकडे, प्रकरणांची दोन्ही रूपं, ओळीची उंची, तळाची मांडणी. कुणीही मराठी पुस्तक लावणार असेल तर ती फाइल घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. माझा आग्रह एवढाच आहे की यंत्रणा जे आयतं देते ते मराठी पुस्तकाचं रूप आहे असं समजू नये. आपल्या मुद्रकांनी शे-दीडशे वर्षं झिजून काही रीती ठरवल्या. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, फक्त छापलेल्या पुस्तकांत दिसतात. लाटेकची मोठी गोष्ट ही, की इथे त्या रीती शब्दांत लिहून ठेवता येतात आणि एकदा लिहिल्या की पाळल्या जातात.

सध्या समोर एका विद्यार्थिनीचा मराठीतला प्रबंध आहे. विद्यापीठाच्या नियमात पूर्वभागाला रोमन आकडेच लागतात, तेव्हा तिच्यासाठी साच्यात तसा पर्याय ठेवला आहे. परिशिष्टांचं मात्र अजून ठरलेलं नाही. लाटेक तिथे इंग्रजी मुळाक्षरं लावतं. ती म्हणते 'परिशिष्ट अ, ब, क' करा, सगळे तसंच करतात. मला वाटतं मुळाक्षरंच घ्यायची तर अ, आ, इ घ्यावीत, नाहीतर सरळ 'परिशिष्ट पहिले' म्हणावं. काकांना विचारलं. ते म्हणाले, सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुनी पुस्तकं बघू. शनिवारी जाणार आहोत.